टीव्हीमागच्या आणि टेबलाखालच्या वायरी: आवरायच्या कशा

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं युनिट भिंतीपासून ओढलं आणि मागे बसून वायरी मोजल्या. चौदा निघाल्या. त्यातल्या चार कशालाच जोडलेल्या नव्हत्या. एक लाल-पांढरी-पिवळी, ज्या डीव्हीडी प्लेअरची होती तो केव्हाच भंगारात गेलेला. एक जुन्या टेलिफोनवरच्या ब्रॉडबँडची. आणि दोन चार्जर, ज्यांचे फोन आता घरात नाहीत. धुळीचा थर एवढा, की काळी कुठली आणि करडी कुठली ते पुसल्याशिवाय कळेना.

हा गुंता सोडवायला मला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी मी बाजारातून नायलॉनचे टाय आणि केसिंग पट्ट्या आणल्या आणि होतं ते सगळं घट्ट बांधून टाकलं. दिसायला छान दिसत होतं. आठवड्याभरात सेट-टॉप बॉक्स बदलायची वेळ आली, तेव्हा एक वायर काढण्यासाठी सगळे टाय कापावे लागले. दुसऱ्या रविवारी क्रम उलटा केला, आणि ते काम आजपर्यंत टिकलंय. त्यानंतर साताऱ्याला आई-बाबांच्या घरी आणि माझ्या कामाच्या टेबलाखाली याच क्रमाने गेले. कुठलीही एक वायर, बाकीच्यांना धक्का न लावता, ओळखून बाहेर काढता आली पाहिजे, ही एवढी गोष्ट धरून चाललात की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

लागणारं सामान

- रंगीत इन्सुलेशन टेपची चार-पाच रिळं (लाल, निळी, हिरवी, पिवळी, पांढरी)
- पांढरी कागदी सर्जिकल टेप (मेडिकलमध्ये मिळते) आणि न पुसलं जाणारं मार्कर पेन
- वेल्क्रोची पट्टी, कापून वापरता येईल अशी, साधारण २ ते ३ मीटर
- चांगला एक्स्टेंशन बोर्ड, प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला, आयएसआय चिन्ह असलेला
- स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, कोरडं फडकं, जुना रंगाचा ब्रश
- टीव्ही भिंतीवर असेल तर पीव्हीसी केसिंग पट्टी, छोटे स्क्रू आणि गिट्ट्या

केसिंग पट्टी आणि गिट्ट्या आधी आणू नका, मोजमाप सातव्या पायरीला होणार आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत हे सगळं एका फेरीत मिळतं, आणि एचडीएमआयसारख्या वायरी हव्या त्या लांबीच्या हव्या असतील तर लॅमिंग्टन रोडला जा. पण खरं तर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही एवढं असतं. माझा पूर्ण खर्च बोर्ड सोडून ५०० रुपयांच्या आत झाला.

१. फोटो काढा, मग सगळं बंद करा

काहीही उपसण्याआधी टीव्हीच्या पाठीचा, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीचा, राउटरचा आणि कॉम्प्युटरच्या पाठीचा जवळून फोटो काढा. प्रत्येक भोकाखालचं नाव फोटोत वाचता आलं पाहिजे. हे टाळलंत तर नंतर एक ठरलेली अडचण येते: टीव्हीला एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, आणि त्यातल्या सहसा एकावरच ‘एआरसी’ असं लिहिलेलं असतं. साउंडबार एचडीएमआयने जोडला असेल तर तो त्याच भोकात चालतो. चुकून शेजारच्या भोकात गेला की चित्र येतं, पण साउंडबार मुका राहतो, आणि माणूस साउंडबार बिघडला असं समजून दुकानात घेऊन जातो.

कॉम्प्युटर नीट शट डाउन करा. मग भिंतीवरचं बटण बंद करून टॉप (म्हणजे प्लग) काढा. घरात इन्व्हर्टर असेल तर लक्षात ठेवा, मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवर घेतलेल्या पॉइंटमध्ये वीज असते. राउटर बऱ्याच घरांत त्याच पॉइंटवर असतो. त्यामुळे ‘मेन बंद केलाय’ या भरवशावर कुठल्याही सॉकेटला हात लावू नका, प्रत्येक टॉप स्वतः बाहेर काढा.

२. सगळं जमिनीवर पसरा आणि वाटण्या करा

जुनी चादर अंथरा. प्रत्येक वायर पूर्ण उलगडून, फडक्याने पुसून तिच्यावर ठेवा. पुसताना बोटं वायरीवरून शेवटपर्यंत फिरू द्या. कुठे वरचं आवरण चिरलंय, कुठे उंदराने कुरतडलंय, कुठे टॉपजवळ प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय, ते बोटांना आधी कळतं. विजेच्या वायरीला अशी जखम असेल तर काळी टेप गुंडाळून पुन्हा वापरू नका, बदला. टॉपची पिन काळवंडली असेल तर तो टॉप सॉकेटमध्ये सैल बसत होता आणि ठिणग्या पडत होत्या असं समजा. दोन्ही बदलावे लागतात, नुसता टॉप नाही.

मग तीन ढीग करा: विजेच्या वायरी, सिग्नलच्या वायरी (एचडीएमआय, डिशची केबल, इंटरनेटची, यूएसबी, स्पीकरची), आणि कशाच्या ते न कळणाऱ्या. तिसऱ्या ढिगाला लगेच फेकू नका आणि परत मागेही टाकू नका. एका डब्यात भरून डब्यावर आजची तारीख लिहा.

३. दोन्ही टोकांना नाव द्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझा अर्धा दिवस इथेच गेला, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच कामाचा झाला.

प्रत्येक उपकरणाला एक रंग. आमच्याकडे टीव्ही लाल, सेट-टॉप बॉक्स निळा, इंटरनेट हिरवं, साउंडबार पिवळा, कॉम्प्युटर पांढरा. त्या रंगाची टेप वायरीच्या दोन्ही टोकांना, टॉपपासून साधारण चार बोटं अंतरावर, दोन वेढे. त्याच्या शेजारी सर्जिकल टेपचा तुकडा झेंड्यासारखा दुमडून चिकटवा आणि त्यावर मराठीत ठळक लिहा: ‘टीव्ही वीज’, ‘बॉक्स ते टीव्ही’. झेंडा केला की वायर न फिरवता वाचता येतं. एकाच टोकाला नाव घालून भागत नाही. अडचण येते ती बोर्डाच्या टोकाला, जिथे पाच काळे टॉप शेजारी-शेजारी असतात.

साताऱ्याला बाबांचं इंटरनेट महिन्यातून एकदा अडकतं. पूर्वी फोनवर अर्धा तास जायचा: “ती काळी वायर काढा.” “कुठली काळी? सगळ्याच काळ्या आहेत.” एकदा त्यांनी चुकून डिशच्या बॉक्सची काढली आणि आईची मालिका बंद पडली. आता मी एवढंच म्हणते, “बाबा, हिरव्या टेपचा टॉप काढा, शंभरपर्यंत मोजा, परत लावा.” दोन मिनिटांत काम होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला टॉर्च घेऊन युनिटखाली वाकायला लागू नये, यासाठी पाच रिळं टेप ही फारच थोडी किंमत आहे.

अ‍ॅडॉप्टरचं वेगळं प्रकरण

राउटर, सेट-टॉप बॉक्स, काही स्पीकर, हार्ड डिस्क यांना चौकोनी अ‍ॅडॉप्टर असतात. त्यांच्या गोल पिना बऱ्याचदा एकाच मापाच्या असतात, पण आतून येणारा व्होल्टेज वेगळा असतो: कुणाचा ५, कुणाचा ९, कुणाचा १२. मी साफसफाई करताना १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्टवर चालणाऱ्या नेटवर्क स्विचला (इंटरनेटची एक वायर अनेक उपकरणांना वाटून देणारा छोटा डबा) लावला. पिन अगदी बरोबर बसली. दिवा एकदा लख्ख पेटला, जळल्याचा वास आला, आणि तो स्विच परत कधी चालू झाला नाही. चूक सर्वस्वी माझी होती, दोन्ही अ‍ॅडॉप्टर काळे आणि मी अंगावरची बारीक अक्षरं वाचली नव्हती.

म्हणून प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर मार्करने उपकरणाचं नाव मोठं लिहा. त्यावरची बारीक अक्षरं वाचायला फोनने फोटो काढून मोठा करा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे दोन आकडे असतात. व्होल्ट उपकरणावर लिहिलेले असतात तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. शिवाय एका गोल चिन्हात मधल्या पिनेला अधिक की उणे ते दाखवलेलं असतं, तेही जुळलं पाहिजे.

४. बोर्डावर भार किती, ते एकदा मोजा

आपल्याकडचा साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा. घरचा व्होल्टेज २३० धरला तर ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. त्या सॉकेटला लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर कितीही भोकं असली तरी सगळ्यांची मिळून मर्यादा एवढीच.

४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॅटच्या आत-बाहेर, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर प्रत्येकी १०-१५, लॅपटॉपचा चार्जर बहुधा ६५, मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप २०० ते ३००. सगळं एका बोर्डावर घेतलं तरी भरपूर जागा उरते. ती उरलेली जागा पाहूनच घात होतो. कुणीतरी त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावतं, किंवा १५०० वॅटची पाण्याची किटली. किटली एकटीच मर्यादा ओलांडते. टीव्ही-कॉम्प्युटरच्या बोर्डावर इस्त्री, किटली, हीटर, मिक्सर यातलं काहीही लागणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. आमच्याकडे बोर्डाच्या मोकळ्या सॉकेटवर ‘इस्त्री नको’ अशी चिठ्ठीच चिकटवलेली आहे.

बोर्डाला बोर्ड जोडून लांबी वाढवू नका. लांब वायरीचा एकच बोर्ड घ्या. आणि रिळावर गुंडाळलेला एक्स्टेंशन असेल तर वापरताना वायर पूर्ण सोडा, गुंडाळलेल्या वायरीत उष्णता साठून राहते.

टॉपची जाड तिसरी पिन अर्थिंगची. दोन पिनेचा जुगाड करून तिला बाद करू नका. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड असण्याची शक्यता आहे. वायरमनला बोलवून ते आधी करून घ्या, बाकी सगळं नंतर.

५. बोर्ड जमिनीवरून उचला

घराघरात बोर्ड कुठे असतो? युनिटच्या मागे, फरशीवर, तोंड वर करून. वरून धूळ पडते, खालून फरशी पुसायचा ओला कपडा येतो. वायरींचा अर्धा गुंता या एका जागेमुळे होतो, कारण प्रत्येक वायर आधी जमिनीवर येते, तिथे वेटोळी घालते, आणि मग बोर्डाकडे जाते.

बोर्ड युनिटच्या पाठीला किंवा टेबलाच्या खालच्या बाजूला पक्का करा. बऱ्याच बोर्डांच्या पाठीवर कुलपाच्या भोकासारखी दोन भोकं असतात, स्क्रूच्या डोक्यावर अडकवण्यासाठी. अंतर चुकलं की बोर्ड बसत नाही, म्हणून असं करा: कोरा कागद बोर्डाच्या पाठीवर ठेवा, भोकांवर पेन्सिल घासा, दोन खुणा उमटतील. तो कागद युनिटवर चिकटवा, खुणांवर स्क्रू फिरवा, डोकं दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा, कागद फाडून काढा, बोर्ड अडकवा. स्क्रू प्लायच्या जाडीपेक्षा लहान हवा, नाहीतर पलीकडून टोक निघतं.

दुतर्फा टेपने बोर्ड चिकटवण्याचा मोह होईल. भाड्याच्या घरात मीही तेच केलं होतं. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती टेप रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येते, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की रात्रीतून येते. चिकटवायचंच असेल तर सनमायकावर चिकटवा, पुसून, पूर्ण वाळू देऊन. आतल्या कच्च्या प्लायवर काहीही चिकटत नाही, तिथे स्क्रूच. आणि टेपवर फक्त हलक्या क्लिपा लावा. टॉप ओढताना जो झटका बसतो तो टेपच्या ताकदीबाहेरचा आहे.

बोर्ड असा लावा की सॉकेटची तोंडं आडवी राहतील आणि बटणं हाताला लागतील. घरात रांगणारं मूल असेल तर मोकळ्या भोकांना प्लास्टिकची झाकणं घाला. मोठे अ‍ॅडॉप्टर शेजारची भोकं झाकतात, म्हणून ते दोन टोकांना लावा आणि त्यांच्याभोवती हवा खेळू द्या. अ‍ॅडॉप्टर कोमट लागणं ठीक, हात ठेववत नाही एवढा तापणं ठीक नाही.

६. उरलेली लांबी: आठचा आकडा

बोर्ड वर गेला की प्रत्येक वायर लांब वाटू लागते. पहिला उपाय, लहान वायर आणणे. सेट-टॉप बॉक्स टीव्हीखाली वीतभर अंतरावर असेल तर ३ मीटरची एचडीएमआय कशाला, १ मीटरची आणा.

विजेच्या वायरीची लांबी मात्र कमी करता येत नाही, ती कापून जोडू नका. ती गुंडाळायची तर गोल गोल न गुंडाळता अंगठा आणि करंगळीवर आठचा आकडा घाला. पतंगाचा मांजा गुंडाळलेला पाहिला असेल तर हात आपोआप वळेल. आठमध्ये प्रत्येक वेढ्याचा पीळ पुढच्या वेढ्यात सुटतो, म्हणून उलगडताना गाठ पडत नाही. मधोमध वेल्क्रोची पट्टी, बोट आत जाईल इतपत सैल. नायलॉनचा टाय इथे वापरू नका: तो आवळला की आवरणात रुततो, आणि काढताना कात्रीचं टोक वायरीला लागतं.

पूर्ण लांबी आवरून घेऊ नका. टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढता येईल एवढी ढील प्रत्येक वायरीला ठेवा. युनिट झाडण्यासाठी ओढलं आणि एचडीएमआय ताणली गेली, तर वायरीचं काही होत नाही, टीव्हीच्या आतलं भोक सैल होतं, आणि ती दुरुस्ती महाग असते.

फायबर इंटरनेटची वायर मात्र या सगळ्यातून बाजूला काढा. बारीक, बहुतेक वेळा पिवळी किंवा पांढरी, टोकाला हिरवी किंवा निळी पिन. तिच्या आत काचेचा तंतू आहे. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं तिला घालू नका, तिच्यावर वेल्क्रो आवळू नका, खिळ्याची क्लिप ठोकू नका. वळण फार तीक्ष्ण झालं की प्रकाश वाटेतच गळतो, आणि फायबरच्या बॉक्सवर ‘एलओएस’ अक्षरांशेजारी लाल दिवा लागतो. शक्यतो ती पिन काढूच नका. काढलीच तर टोकाला बोट लावू नका, टोपी घाला, आणि त्या टोकात डोळा लावून पाहू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

७. वाट ठरवा

युनिटच्या पाठीमागे उजवीकडून वीज, डावीकडून सिग्नल. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. घरातल्या दोन-तीन फुटांच्या अंतरात एकत्र बांधल्याने काही जळत नाही, पण स्पीकरची वायर विजेच्या वायरीला बिलगून असेल तर गुणगुण येऊ शकते. शिवाय वेगळ्या वाटा असल्या की बिघाड शोधताना अर्धं काम कमी होतं. वाटेत वीतभर अंतरावर वेल्क्रोचा एकेक वेढा पुरतो. गालिच्याखालून किंवा दाराच्या उंबऱ्यावरून विजेची वायर नेऊ नका.

राउटर आणि फायबरचा बॉक्स दिसू नये म्हणून बंद ड्रॉवरमध्ये किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका. एक तर तापतो, दुसरं म्हणजे आतल्या खोलीत रेंज जात नाही.

टीव्ही भिंतीवर असेल तर खाली लोंबणाऱ्या वायरींसाठी केसिंग पट्टी. टीव्हीच्या तळापासून युनिटपर्यंत मोजा. पट्टी साधारण २ मीटरची येते, हॅक्सॉ ब्लेडने सरळ कापली जाते. तीन-चार वायरींना एक इंची पुरते, पण दुकानात जाताना वायरींचा जुडगा सोबत न्या आणि झाकण लागतंय का ते तिथेच बघा. तळाची पट्टी दीड-दोन फुटांवर स्क्रूने पक्की करा. भोक पाडण्याआधी एक गोष्ट: भिंतीतल्या विजेच्या वायरी सहसा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातात. त्या रेषेत ड्रिल लावू नका. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा, डिपॉझिटवरून होणारी वादावादी वाचते.

घराचं काम काढलेलंच असेल तर भिंतीत टीव्हीच्या मागून युनिटपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप टाकून घ्या, आणि आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा. एचडीएमआयचं डोकं रुंद असतं, बारीक पाइपातून आणि कोपऱ्याच्या काटकोनातून ते जात नाही. या पाइपात फक्त सिग्नलच्या वायरी. टीव्हीच्या विजेसाठी वायरमनकडून टीव्हीमागेच वेगळा पॉइंट काढून घ्या.

८. कामाचं टेबल

इथे तत्त्व तेच, म्हणून थोडक्यात. बोर्ड टेबलाच्या पोटाला, मागच्या कडेला. मॉनिटर, लॅपटॉप, स्पीकर सगळे त्यावर. टेबलाच्या मागच्या पायावरून बोर्डाची एकच वायर खाली भिंतीकडे जाते. झाडू मारणाऱ्या माणसाला फक्त ती एक ओलांडायची असते.

लॅपटॉपच्या चार्जरची वायर रोज काढली-घातली जाते, ती बांधू नका. टेबलाच्या कडेला एक चिकटणारी क्लिप लावून तिचं टोक त्यात अडकवा, म्हणजे ती मागे घसरून पडत नाही. चार्जरच्या विटेभोवती वायर ताणून गुंडाळायची सवय असेल तर सोडा. जिथे वायर विटेतून बाहेर येते तो गळा आधी तुटतो. गुंडाळताना आधी एक सैल वळसा ठेवा.

यूपीएस असेल तर त्याच्या मागे चार बोटं जागा. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवरच्या सॉकेटला लावू नका. तापताना तो अचानक फार वीज खेचतो आणि यूपीएस ओरडायला लागतो किंवा बंद पडतो.

९. पावसाळ्याआधीचं काम

मे महिन्यात वळवाच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, खिडकीतून आत येणारी डिशची किंवा इंटरनेटची वायर. ती बाहेरून सरळ उताराने आत येत असेल तर पावसाचं पाणी तिच्या अंगावरून वाहत थेट घरात येतं, आणि टीव्हीमागच्या भिंतीवर ओलीचा डाग उठतो. आमच्याकडे आम्ही वर्षभर वरच्या मजल्याच्या बाथरूमवर संशय घेत होतो. उपाय असा: वायर भोकात शिरण्याआधी बाहेर तिला भोकाच्या खाली जाईल असा झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी जमून तिथूनच थेंब-थेंब खाली पडतं. मग भोक एम-सीलने बुजवा, त्याने पाणी, मुंग्या आणि उंदीर तिघांचीही वाट बंद होते. फायबरच्या वायरीला झोळ मोठा ठेवा.

दुसरी, विजांचा कडकडाट. स्पाइक गार्ड असलेला बोर्ड लहानसहान झटके झेलतो, तेही अर्थिंग नीट असेल तर, आणि प्रत्येक झटक्याबरोबर त्याची ताकद कमी होत जाते. वीज जवळ पडली तर तो काही वाचवू शकत नाही. बटण बंद करून भागत नाही, टॉप काढा. आणि नुसता विजेचा टॉप काढून टीव्ही सुटत नाही: डिशची केबल छतावरून येते, ती बॉक्समागे स्क्रूसारखी फिरवून सोडावी लागते. कडकडाट सुरू होण्याआधी सोडा, सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नका. दोन्ही टोकांना रंग असला की हे काम मिनिटभराचं आहे.

१०. उरलेल्या वायरींचा डबा

दुसऱ्या पायरीत तारीख लिहून ठेवलेला डबा आठवतोय ना? सहा महिन्यांत त्यातलं ज्याला कुणी हात लावला नाही, ते घरातून जाऊ द्या. प्रत्येक प्रकारची एक चांगली वायर राखीव ठेवा, एक एचडीएमआय, एक इंटरनेटची, एक यूएसबी. बाकीचं ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. महापालिका आणि काही संस्था त्यासाठी ठरावीक दिवशी गोळा करायला येतात, सोसायटीच्या ऑफिसात चौकशी करा. वायर जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती ती पडू नये, त्या धुराने त्याचंच आयुष्य कमी होतं.

इथून पुढे घरात नवीन उपकरण आलं, की जोडण्याआधी त्याच्या वायरीला दोन्ही टोकांना टेप. जुनं उपकरण गेलं, की त्याची वायर आणि अ‍ॅडॉप्टर त्याच्याचबरोबर. टेपची रिळं, मार्कर आणि वेल्क्रोचा उरलेला तुकडा मी एका कापडी पिशवीत घालून युनिटच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवलाय, म्हणजे त्या वेळी ‘नंतर करू’ असं होत नाही.